वच्छलेचं ‘हव’

नांदगाव खंडेश्वर
२२ ऑगस्ट १९६३

चंद्रभान,

नर्सबाई म्हणते, वर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहावं लागतं. लिही म्हटलं. त्यातले उत्तम कोणते आणि हलक्या प्रतीचे कोणते, ते तू निवडून घे. जिनिंगात कापसातून सरकी वेगळी करतोस, तेवढं जमेल.

अक्षर नवं दिसलं म्हणून दचकू नको. नांदगावच्या दवाखान्यात शालूबाई नावाची नर्स आली आहे, आपल्या गावी फेरीला येते तेव्हा ती लिहिते; वर नांदगाव टाकते ते पोस्ट तिथलं म्हणून. मी बोलते वऱ्हाडी आणि ही कागदावर शाळेतलं करून टाकते. एवढंच बजावलं आहे की कोणाच्या तोंडचं वाक्य आलं तर ते धुऊनपुसून लिहायचं नाही.

होळीला तुझ्या बापानं बैलबंडीची उभारी, तो कडेचा दांडा, उपसून तुझं डोकं फोडलं, कारण तू त्याच्या आणि आईच्या मधे उभा राहिलास. तू रक्त पुसत वेशीपर्यंत गेलास आणि तिथून ओरडून सांगितलंस की एक दिवस येऊन याचे पाय तोडीन. तर कळवायचं ते हे, की तुझी वाट न पाहता दुसऱ्याच कोणीतरी ते काम हाती घेतलं आहे.

तुझ्या बापाची पोटरी चालता चालता धरते. घरून निघाला की बाभळीपर्यंत ठीक. तिथं पोटरीत असा गोळा येतो की वाघासारखा खुशालराव शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसतो. जरा बसला की उतरतो. उठून चालला की पुन्हा येतो. शेजारचा किसनराव गमतीनं म्हणाला, पाटील, या बाभळीशी सोयरीक केली का, रोज बसता. तुझ्या बापानं त्याला तिथंच आडवा करून तोंडात माती कोंबली. दोघांना सोडवायला माणसं धावली तेव्हा किसनराव निळा पडला होता. आता त्या धुऱ्यावर कोणी गंमत करत नाही.

पोळ्याला त्याहून वाईट झालं. सगळ्या गावाच्या जोड्या तोरणाखाली निघाल्या. आपली जोडी पुढे गेली आणि मालक मागे लंगडत राहिला. पोरं हसली. ज्या दिवशी बैलाच्या खांद्याला जू लावत नाहीत, त्या दिवशी तुझ्या बापानं झूल पांघरलेल्या बैलाच्या तोंडावर लाकूड घातलं. बैलाचा डोळा गेला. म्हातारी माणसं तोंड फिरवून उभी राहिली.

हे सांगत होते तेव्हा नर्सबाईनं लिहिणं थांबवून विचारलं, बसलं की बरं वाटतं का? पाय थंड लागतो का? बिड्या किती ओढतात? मी म्हटलं, घरात धूर चुलीचा किती आणि त्याचा किती, ते कोणाला वेगळं करता आलेलं नाही. ती म्हणाली, आजी, त्या पायाला शेक देऊ नका, विस्तव लावू नका, आणि त्यांना मला दाखवा. मी हसले. खुशालराव दाखवण्याची वस्तू नाही.

आता माझं मागणं. तुझ्या आईला अकोल्याला घेऊन जा. त्याचा पाय अडकतो, हात अडकत नाही. परवा तिच्या कानशिलात मारली तर ती त्या कानानं अजून ऐकत नाही. मी म्हटलं जा पोराकडे, तर म्हणते, दुखन्यातल्या मानसाले टाकून गेली त लोक काय म्हनतीन. मी जन्मभर ऐकत आले आहे लोक काय म्हणतात ते. म्हणतात, आणि मग आपापल्या घरी जेवायला जातात.

तुझी आजी, गोदाबाई

*

नांदगाव खंडेश्वर
१० ऑक्टोबर १९६३

चंद्रभान,

तुझं उत्तर नाही. नसू दे. माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे.

पायाला विस्तव लावू नका असं नर्सबाईनं सांगितलं होतं, ते मी डाग देणाऱ्या पुंजाजीच्या कानावर घातलं. तो म्हणाला, “बैल लंगडला त डाग देते का नाई? मंग मानसाले काहून नाई?” आपल्या गावाला एवढा पुरावा पुरतो. गोवऱ्यांत विळा लाल केला. चौघांनी तुझ्या बापाला धरलं. त्यानं एकाच्या नाकावर गुडघा घातला, ते नाक आता डावीकडे पाहतं. तरी पुंजाजीनं पोटरीवर डाग ओढलेच. भाजलेल्या कणसासारखा वास आला. तुझी आई दाराआड उभी होती. ती रडली नाही, मीच रडले. म्हातारपणी डोळ्यांचं फडकं ओलंच असतं, त्याला काही अर्थ नाही.

बैलाचा डाग भरतो. याचा भरेना. कडा काळ्या झाल्या, मग अंगठाही काळा पडला, वांग्यासारखा. तेव्हा मीच शालूबाईला बोलावलं.

ती कोणत्या घरची ते तुझ्या बापाला माहीत होतं. तिचे वडील छपन्न साली बौद्ध झालेले. त्यानं ‘मले हात लावू नोको’ म्हणत पितळी लोटा फेकला. तिची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. तिनं आधी आपलं रक्त धुतलं, मग त्याच पाण्यानं हात धुऊन त्याचा पाय हातात घेतला. आता ही म्हणते आहे, आजी, हे लिहायचं नाही. लिही म्हटलं. तुझा हात दुखला तर थांब, पण लिही.

तिनं पायावर बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच बसली. मी म्हटलं, बाई, नाडी मनगटाला असते. ती म्हणाली, पायालाही असते आजी, यांची लागत नाही.

बंडीत घालून नांदगावला आणि तिथून एस.टी.नं अमरावतीला नेलं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं दंडाला कापड गुंडाळून हवा भरली. तुझ्या बापाला वाटलं आवळून मारतो, म्हणून त्यानं डॉक्टरचा चष्मा उडवला. दोन शिपाई छातीवर बसले, मग मोजणी झाली. रक्ताचा जोर फार निघाला. लघवी निळ्या पाण्यात उकळून पाहिली, ती निळीच राहिली. साखर नाही म्हणाले. म्हटलं, याच्यात गोड काही निघालं असतं तर मलाच नवल वाटलं असतं.

अंगठा कापला. पाय राहिला.

मग डॉक्टरनं विचारलं, घरी रांधतं कोण? तुझी आई पुढे झाली. त्यानं तिला समोर उभं करून समजावलं. पायाची नळी आतून बुजली आहे. अंगात नळ्या साऱ्या एकाच जातीच्या, छातीत गेलेलीही तीच. “असा पाय घेऊन येणारे पायानं थोडे मरतात, बाई. छातीनं मरतात. पाय ही नुसती दवंडी आहे.” म्हणून बिडी एकही नाही. मीठ हात आखडून. तूप, डालडा, तळलेलं बंद. सर्पगंधेची गोळी रोज, जोर उतरवायला. संताप नाही. आणि चालायचं: पोटरी धरेपर्यंत चालायचं, थांबायचं, उतरली की पुन्हा चालायचं. त्यानं नवे रस्ते फुटतात रक्ताला. पायाला शेक नाही, जखम नाही, अनवाणी नाही. हे सांभाळलं तर माणूस वर्षानुवर्षं राहील, नाही सांभाळलं तर सांगता येत नाही.

तुझी आई मान हलवत होती. डॉक्टरनं म्हणायला लावलं तर एकेक गोष्ट तिनं न चुकता परत म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाला, हुशार आहे बाई.

तर बाबू, आता शर्यत लागली आहे. त्याची छाती आधी थांबते की तुझी आई त्याच्या हातून आधी संपते. मला दोघांपैकी कोणीच हरायला नको आहे, आणि असली शर्यत मी कुठे पाहिलेली नाही.

गोदाबाई

*

नांदगाव खंडेश्वर
२८ नोव्हेंबर १९६३

चंद्रभान,

दिवाळीला तू आला नाहीस. अनारसे तुझ्या वाटचे मी खाल्ले. एक दात कमी झाला आहे, म्हणून वेळ लागला. खाटेच्या खुराला अडखळून पडले, बाकी काही नाही.

नर्सबाईची लेखणी थांबली. म्हटलं, लिही, खाटेच्या खुराला.

तुझी आई डॉक्टरचा शब्द घेऊन घरी आली आणि पहिल्याच दिवशी बिड्यांचा कट्टा चुलीत टाकला. तो म्हणाला बिडी दे. ती म्हणाली नाई. तुला माहीत आहे, तुझ्या बापाला या शब्दाची सवय नाही. अंगठा गेलेला माणूस इतक्या चपळाईनं उठेल असं डॉक्टरलाही वाटलं नसतं. त्यानं तिचं मनगट उंबऱ्यावर ठेवलं आणि वरून टाच दिली. काडी मोडावी तसा आवाज आला. शालूबाईनं बांबूच्या खपच्या बांधल्या. मी म्हटलं, आता तरी अकोल्याला जा. ती म्हणाली की आता सारं ठीक होईल.

आणि खरंच, त्या दिवसापासून घरात मारहाण नाही.

तो म्हणतो बिडी दे. ती म्हणते, “हव.” (नर्सबाई ‘हो’ लिहायला निघाली होती, ‘हव’च लिही म्हटलं.) चुलीत काडी धरून स्वतः पेटवते, फुंकर घालून त्याच्या हातात देते. तो म्हणतो भाजी आळणी आहे. ती म्हणते हव, आणि मूठभर मीठ घालते. पापड? हव. लोणचं? हव. वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग असा की त्यात तोंड पाहून पदर नीट करावा. सर्पगंधेची गोळी समोर धरून विचारते, देऊ का? तो म्हणतो फेक. हव. चालायचं आहे का आज? नाही. हव.

गाववाले म्हणतात, वच्छलासारखी बायको मिळायला पुण्य लागतं. शेजारच्या पार्बताबाईनं आपल्या सुनेला तिला दाखवायला आणलं होतं.

मी चुलीपाशी बसून तिचा चेहरा पाहिला. राग नव्हता. पेरणी उरकून घरी आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. हात धुतलेला, पाण्याची वाट पाहणारा.

चंद्रभान, तिला डॉक्टरची एकेक गोष्ट पाठ आहे. ती एकेक गोष्ट उलटी करते आहे.

तुझ्या आईला कोणी काही म्हणू शकत नाही. नवऱ्याचं ऐकणारी बाई कोणत्या कोर्टात उभी करणार? मीही काही म्हटलं नाही. तो माझ्या पोटचा आहे आणि तिचं मनगट माझ्या डोळ्यांसमोर मोडलं आहे, मी कोणाच्या बाजूनं बोलू? त्याला धाप लागते आता. ओसरीची पायरी चढला की छातीवर हात ठेवतो. ती लगेच विचारते, बिडी देऊ?

तू ये. तू मधे उभा राहिलास तर ती ‘नाई’ म्हणू शकेल आणि तो जगेल. नाही तर येऊन तिला घेऊन जा, म्हणजे हे तिच्या हातून होणार नाही. दोन्हीपैकी तुला जे कमी कडू लागेल ते कर.

गोदाबाई

*

नांदगाव खंडेश्वर
१९ जानेवारी १९६४

चंद्रभान,

तुझं कार्ड मिळालं. ‘मरू दे त्याला.’ तीन शब्दांसाठी अख्खं कार्ड घालवलंस. उरलेल्या जागेत आजी कशी आहेस एवढं बसलं असतं.

मरू देणं तुला अकोल्यातून सोपं दिसतं. इथं त्याआधी कोणीतरी मार खातो. मागच्या पत्रात मी खाटेच्या खुराला नाव ठेवलं, त्याची माफी खाटेकडे मागितली आहे. मी बिड्या उचलून चुलीकडे निघाले होते. त्यानं काठी तोंडावर मारली. दात हलतच होता, त्यानं ते काम पुरं केलं. पण तुझ्या आईनं ते पाहिलं. माझ्या तोंडातलं रक्त तिनं धड हातानं पुसलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यानं अंगणात बसून बिडी मागितली. ती माझ्यासाठी पाणी तापवत होती, उशीर झाला. तो काठी घेऊन उठला. ती धावली, तो मागे. धान्याच्या कणगीभोवती फिरले दोघं. कणगीशी त्यानं तिचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं, काठी उगारली, आणि हात वरच राहिला. मला आधी वाटलं, आज देव पावला, थांबला. मग त्याच्या कपाळावरून घाम असा सुटला की जणू कोणी घागर ओतली. काठी पडली. तो बसला, मग आडवा झाला. डाव्या हातानं छाती फाडून काढायची आहे तशी ओरबाडत होता. तोंड राखेच्या रंगाचं.

आणि त्या स्थितीत त्यानं काय मागावं? बिडी.

तुझी आई त्याच्यावर वाकली. केस सुटलेले, ओठ फुटलेला. कट्टा त्याच्याच खिशात होता. तिनं तो काढला, त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, “नाई.”

मग उठून तिनं एका हातानं बंडी जुंपली. एका डोळ्याचा तो बैल तिला वळू देत होता, दुसऱ्या कोणाला देत नाही. नवऱ्याला आत लोटला तो धान्याचं पोतं लोटावं तसा, आणि नांदगावचा रस्ता धरला. शालूबाईनं सुई दिली, जीप मिळवली, अमरावतीला पोहोचवलं. तिथं छातीला वायरी लावून कागद काढला. डॉक्टर म्हणाला, काळजाचा एक तुकडा मेला आहे, बाकीचं चालतं. आता पथ्य सांभाळलं तर वाचेल.

दवाखान्याच्या ओसरीत मी तुझ्या आईला विचारलं. इतके दिवस खाऊ घालून आणलंस जिथवर आणायचं होतं तिथवर, मग शेवटच्या घडीला बंडी काहून जुंपली?

ती लुगड्याचा काठ दातानं सारखा करत होती. म्हणाली, “मरून सुटला असता, आत्याबाई. आता त्याले ऐका लागते.”

ऐकलंस? लग्न होऊन आली तेव्हापासून मानानं ‘त्यायले’ म्हणायची. आता अरे-तुरेचं ‘त्याले’.

गोदाबाई

*

नांदगाव खंडेश्वर
८ फेब्रुवारी १९६४

चंद्रभान,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. जिनं आणलं तिला आधी बसायला दे, पाणी दे, मग वाच.

तुझा बाप घरी आला आहे आणि त्याच्याकडून डॉक्टरनं सांगितलेलं सारं होतं आहे. बिडी? नाई. मीठ? नाई. लोणच्याची बरणी समोर ठेवून विचारायचं, पाहिजे? हव म्हणाला की, नाई. गोळी तोंडात घालून वर जबडा दाबून धरायचा. रोज चालायला न्यायचं. काळीज असं झालं म्हणून डॉक्टरनं सावकाश सांगितलं होतं, तर तुझी आई सावकाशच नेते. पोटरी धरली की थांबवते, उतरली की म्हणते, चाल. शालूबाईनं परवा दंडाला कापड गुंडाळून पाहिलं, जोर उतरला आहे. बाभळीच्या पुढे जाऊन येतो आता. अंगठ्याची जागा भरली. त्याच्याइतकं पथ्य अमरावती-अकोल्यात कोणी पाळत नसेल.

लोक म्हणतात, वच्छलानं यमाच्या दारातून नवरा आणला. मी म्हटलंच होतं, म्हणतात आणि जेवायला जातात.

मी मात्र घरातच असते. परवा तो चालताना मधेच बसला. पोटरीनं नाही, दमून बसला. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. वच्छला, जरा बसू दे, म्हणाला. खुशालराव ‘दे’ म्हणाला, चंद्रभान. तिनं तुराटीच्या काड्यांचा जुडगा उचलला आणि त्याच पोटरीवर मारला, जिथं डाग भरत आला आहे. एकदा मारून थांबली असती तर मी म्हटलं असतं, बाई आहे, साठलेलं आहे. ती थांबेना. पायावर जखम झाली तर पाय जाईल, हे तिला माहीत आहे. तिला सारं पाठ आहे. मी जाऊन हात धरला तेव्हा ती माझ्याकडे वळली, आणि तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. तो मी पाळण्यात झोपवला आहे, मोठा केला आहे, आणि पंचवीस-तीस वर्षं त्याच्यापासून अंग चोरलं आहे. सुनेच्या मानेवर मला तो पाहायचा नव्हता.

जुडगा तिच्या हातून सुटला. ती खाली बसली आणि होळीपासून पहिल्यांदा रडली. म्हणाली, “आत्याबाई, मले बरं वाटून राहिलं होतं.” मी म्हटलं, म्हणूनच जा.

म्हणून तिला पाठवते आहे. लोक काय म्हणतील ते तिला आता विचारू नको. त्या कानानं ती अजून ऐकत नाही. तिला मनगटानं जड उचलता येत नाही. ‘हव’ म्हणाली की लगेच खरं मानू नको, दुसऱ्यांदा विचार. तिला काय खावंसं वाटतं हे कोणी विचारलेलं नाही, तेव्हा सांगायला वेळ लावेल. धीर धर.

तुझ्या बापाचं काय, हे तू विचारणार नाहीस, तरी सांगते. पोटरीची साल निघाली आहे, शालूबाई रोज धुऊन बांधते. तो तिच्याकडे पाहत नाही, पण पाय पुढे करतो. मी तुला बोलवत नाही. वाटलं तर ये, न वाटलं तर नको.

रांधणं आता माझ्याकडे. आज दुपारी त्यानं भाकरीसोबत मिठाचा खडा मागितला. मी म्हटलं, नाई. माझ्या तोंडून तो शब्द जरा बोबडा येतो, समोरचा दात नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. जुन्या सवयीनं खांदा उचलला. हात काही वर आला नाही.

माझा आला. गालावर दिली एक, आवाज चांगला झाला. तो बसून राहिला आणि मग आळणी भाकर खाऊ लागला.

हे सांगता सांगताच शालूबाईला विचारून घेतलं, अशी चापट पथ्यात बसते का म्हणून. ती लिहायची थांबली, मला वाटलं आता रागावते. म्हणाली, आजी, एवढी शेवटची. आणि पायावर कधीच नाही.

गोदाबाई